कार्यालयीन वेळेबाहेरची जमीन

"कुठे आहे तुमची जागा?" टिपणीस साहेबांनी विचारलं.

"ही काय, तुमच्या म्होरं," येसूबाय म्हणाली.

साहेबांनी समोर पाहिलं. मीही पाहिलं. आमच्याबरोबर आलेल्या तलाठ्याने तर कपाळावर आडवा हात धरून पाहिलं. समोर वेळसरची खाडी काठोकाठ भरलेली होती आणि दुपारच्या उन्हात डोळ्यांना टोचत होती.

"हे पाणी आहे," साहेब म्हणाले.

"आता हाय."

"मग जागा कुठे आहे?"

"पान्याखाली."

तिच्यामागे उभ्या असलेल्या दहा-बारा कोळणी पदर तोंडाला लावून हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं, बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मग ते माझ्याकडे वळले. "बिराजदार, पंचनाम्यात घ्या. हरकतदार महिलांना स्थळपाहणीच्या वेळी जागा दाखवण्याची पुरेशी संधी देण्यात आली. त्यांना जागा दाखवता आली नाही."

मी घेतलं. तलाठ्याने सही केली. येसूबायने अंगठा द्यायला नकार दिला, तेही मी घेतलं.

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, सरकारी सागरी मंडळात कनिष्ठ अभियंता होतो आणि मला सगळं कळत होतं. वेळसरला श्रीमंतांच्या शिडाच्या बोटी उभ्या करण्यासाठी मरीना बांधून झाली होती. बोटी येणार होत्या, पाहुणे येणार होते, फीत कापायची तारीख ठरली होती. फक्त मरीनात पाणी कमी आणि गाळ जास्त होता. बोटींच्या जागी म्हशी आणायच्या असत्या तर काही अडलं नसतं. तेव्हा ड्रेजर लावून चाळीस हजार घनमीटर गाळ उपसायचा असं ठरलं. उपसायचा म्हटला की कुठेतरी टाकायचाही आला, आणि ती जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं.

खाडीच्या पलीकडच्या अंगाला, तिवरांच्या पुढे, मला एक जागा सापडली. मी तिला तीन भेटी दिल्या. एकदा अमावस्येला, एकदा अष्टमीला, एकदा पौर्णिमेला. तिथी अर्थात मला तेव्हा ठाऊक नव्हत्या, त्या नंतर पंचांगात पाहिल्या. मंडळाची जीप दहाला निघायची आणि साडेपाचच्या आत परत यायची, म्हणून तिन्ही भेटी दुपारी झाल्या. अहवालात मी लिहिलं: "तिन्ही पाहण्यांत सदर क्षेत्र पाण्याखाली, निर्मनुष्य व वापरात नसलेले आढळले. सरासरी खोली अडीच मीटर. गाळ भरून पुढे वाहनतळासाठी उपयुक्त." मी लातूरकडचा. आमच्याकडे पाणी दिसलं की ते असतं. दिवसातून दोनदा ते निघून जातं, ही शक्यता माझ्या अभियांत्रिकीत नव्हती. खोली मोजताना भरतीचं पाणी वजा करायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

स्थळपाहणी आटोपून साहेब जीपकडे चालू लागले, तशी येसूबाय माझ्याजवळ आली. साठीची बाई, काळी, सडसडीत, नऊवारीचा काष्टा गुडघ्यापर्यंत ओढलेला.

"तो अहवाल कोनी लिवला?"

"मी."

"तू?" तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, बाजारात शिळी मासळी पाहावी तसं. "संध्याकाळी सहाला ये. बूट नको घालूस."

मी गेलो. कशासाठी गेलो हे सांगता येणार नाही. बहुधा ती बाई चुकीची आहे हे एकदा पाहून घ्यावं, म्हणून गेलो. आणि बूट घालूनच गेलो.

खाडी तिथे नव्हती.

जिथे दुपारी अडीच मीटर पाणी होतं, तिथे आता अर्ध्या कोसापर्यंत पसरलेला ओला, करडा, चमकणारा चिखल होता. त्यावर साठेक बायका ओणव्या होऊन तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचत होत्या. चिखलात तिवराच्या काठ्या रोवल्या होत्या, एकीकडून दुसरीकडे, सरळ ओळीत, एखाद्या शेताचे बांध असावेत तशा. काही काठ्यांना लाल चिंधी बांधलेली होती आणि त्या काठ्यांच्या आत एकही बाई नव्हती.

मी येसूबायकडे जायला निघालो आणि चौथ्या पावलाला मांडीपर्यंत गेलो. दोन बायकांनी मला काखेत हात घालून उपटलं. उजवा बूट तिथेच राहिला.

"सांगितलेलं," येसूबाय म्हणाली.

"मावशी, हे रोज असं होतं?"

"रोज कसं होईल? अमावशेला आन् पुनवेला, फुडंमागं चार दीस. थंडीत संध्याकाळी, उन्हाळ्यात पहाटे. तेवढ्यात आमी वेचतो."

"आणि मधल्या दिवसांत? मी एकदा तेव्हाही भर दुपारी आलो होतो. पाणी होतंच."

"भांगाची ओहोटी ती. कंबरेखाली पानी उतरत नाय. उधाणाचं पानीच काय ते लांब जातं." ती थांबली. "तू तिन्ही टायमाला दुपारचा आलास?"

"हो."

"का?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतं. खाडीत ही जमीन उघडी पडण्याच्या वेळा आणि मंडळाचं कार्यालय उघडं असण्याच्या वेळा वर्षभरात एकदाही जुळत नव्हत्या. सरकारच्या दृष्टीने ती जमीन कधीच नव्हती.

"सोमवारी गाळ टाकनार म्हनं," येसूबाय म्हणाली.

"या नाही. पंधरा दिवसांनंतरच्या."

"टाकला की ह्या मरतील. हातभर चिखल वर पडला तरी तिसरीला वर येता येत नाय. आन् एकदा मेल्या की मंग बोलावून येत नायत." तिने हे ओणव्यानेच, वेचता वेचता सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. आरडाओरडा करणाऱ्या माणसाला अर्ज करायला सांगता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या खोलीत गेलो.

"सर, मी काल ती जमीन पाहिली."

"कधी?"

"संध्याकाळी सहाला."

"कोणाच्या आदेशाने?"

"आदेश नव्हता."

"मग तुम्ही ती पाहिली नाही," साहेब म्हणाले आणि पुढची फाईल उघडली.

टिपणीस साहेब वाईट माणूस नव्हते. भ्रष्ट तर मुळीच नव्हते. भ्रष्ट माणूस निदान अधूनमधून नियमाबाहेर जातो. साहेबांनी तीस वर्षांच्या नोकरीत नियमाबाहेर एकच गोष्ट केली, आणि ती माझ्यासमोर केली.

माघी पौर्णिमा शनिवारी आली. सुट्टीचा शनिवार होता. सोमवारी ड्रेजर सुरू होणार होता. टिपणीसवहिनींना तीन वर्षं खाडीत फिरायचं होतं आणि साहेब तीन वर्षं सरकारी लाँच म्हणजे सरकारी लाँच असं सांगत आले होते. त्या दिवशी मात्र ते विरघळले. लॉगबुकात "चाचणी फेरी" लिहिलं गेलं, आणि चाचणी आहे तर तांत्रिक कर्मचारी हवा म्हणून मला बोलावणं आलं. लाँचवर आम्ही चौघं: साहेब, वहिनी, मी आणि सुकाणूवर लखमा तांडेल. लखमा वेळसरचाच कोळी, दिवसाला वीसेक शब्द बोलणारा. वहिनींनी कोथिंबीरवडीचा डबा आणला होता.

चारच्या सुमाराला वहिनी म्हणाल्या, "अहो, त्या पलीकडच्या तिवरांशी ते गुलाबी पक्षी येतात म्हणे. रोहित. आपण तिकडे जाऊया ना."

"तांडेल, तिकडे घ्या," साहेब म्हणाले.

"वकत नाय सायेब," लखमा म्हणाला. "पानी सुटलंय."

"सुटलंय म्हणजे?"

"ओहोटी."

साहेबांना अंदाजपंचे बोलणं आवडत नसे. ते माझ्याकडे वळले. "बिराजदार, त्या भागात पाणी किती आहे?"

वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. लखमाही सुकाणू धरून माझ्याकडे पाहत होता. तो येसूबायच्या आळीतला होता. त्याला माझ्या बुटाची हकीकत माहीत नसणं शक्यच नव्हतं.

"अहवालानुसार अडीच मीटर, सर," मी म्हणालो.

लखमाने आणखी एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग सुकाणू फिरवलं.

रोहित पक्षी खरंच होते. शंभरेक तरी असावेत. वहिनींनी फोटो काढले, एका फोटोत साहेबही आले, हसताना. पावणेपाचला लाँच एकदा कण्हली, थोडी कलली आणि थांबली. लखमाने इंजिन बंद केलं आणि विडी पेटवली.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"बसली."

"बिराजदार, अहवालात अडीच मीटर होतं ना?"

"होतं, सर."

"मग पाणी कुठे गेलं?"

"पौर्णिमेला ते कार्यालय सुटायच्या सुमाराला जातं, सर."

साहेबांनी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. वहिनींनी डबा उघडला. पुढच्या पाऊण तासात आमच्या चारही बाजूंची खाडी हळूहळू, कसलाही आवाज न करता निघून गेली. पक्षी चालत लांब गेले. लाँच चिखलात एखाद्या टेकडीवरच्या देवळासारखी उभी राहिली. आणि मग किनाऱ्याच्या बाजूने, टोपल्या घेऊन, बायका येऊ लागल्या.

सगळ्यात पुढे येसूबाय होती. तिने लाँच पाहिली, लाँचवरचे चार जण पाहिले आणि थांबली.

"अगंबाई, येसू!" वहिनी कठड्यावर वाकून ओरडल्या. "तू इथे?"

"मी हितंच असते, बाय. तू हितं कशी?"

"अहो, ही आपली तिसऱ्यावाली! दर महिन्याला वसाहतीत येते ती! मला वाटायचं, तिसऱ्या समुद्रातून येतात."

साहेबांना तिसऱ्यांचं सुकं आवडतं, हे मंडळात शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. तीन वर्षं ते आमचं वापरात नसलेलं क्षेत्र ओलं खोबरं घालून खात आले होते. साहेबांनी चष्मा काढून पुसला. जरा जास्तच वेळ पुसला.

"सायेब," येसूबाय म्हणाली, "बोट राखणीत बसलीय तुमची."

"कशात?"

तिने हात दाखवला. लाँचच्या दोन्ही बाजूंना लाल चिंधीच्या काठ्या होत्या. एक लाँचखाली मोडून पडली होती.

"तीन वाटे असतात," ती म्हणाली. "दोन वेचायचे, एक राखायचा. शिमग्यापतोर त्यात कोनी पाय नाय टाकायचा. त्यात त्या वाढतात. म्हनून फुडल्या सालाला मिळतात."

"आणि कोणी पाय टाकला तर?"

"तर त्यानं एक ओहोटी राखण करायची. चिखलात उतरून. पानी येईतोवर उभं राहायचं, दुसऱ्या कोनाला येऊ द्यायचं नाय."

"दंड भरला तर?"

"पैका नाय चालत."

"हा नियम कुठे लिहिला आहे?"

"काठीवर," येसूबाय म्हणाली.

"किती वर्षांपासून आहे?"

"माझ्या आजेसासूनं पन केलीय राखण. बकरी घुसली होती तिची."

मागे हशा पिकला. एक तरणी पोरगी म्हणाली, "ए, ही बोट म्हंजी सायबाची बकरी, काठीवर ती बी लिवा!" लखमाने माझ्याकडे न पाहता धूर सोडला.

साहेब उठले. मला वाटलं, आता ते यांना कार्यालयीन वेळेत येऊन भेटायला सांगतील. त्यांनी तसं केलं नाही. ते बाकावर बसले, बुटाच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले, एकेका मोज्याची घडी करून ती बुटात ठेवली आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"अहो, काय करताय?" वहिनी म्हणाल्या.

"नियम आहे," साहेब म्हणाले आणि कठड्यावरून खाली उतरले.

ते पोटरीपर्यंत रुतले. एकदा तोल गेला, पण सावरला. मग लाल चिंध्यांच्या मधोमध, हात पाठीमागे बांधून, ते उभे राहिले. टिपणीस साहेबांचा नियमांवर विश्वास होता. नियम कोणाचा, हा प्रश्न त्यांना आजवर कधी पडला नव्हता इतकंच.

बायका आपापल्या वाट्यांत पांगल्या आणि वेचू लागल्या. सहा वाजले, सूर्य खाली आला. साहेब एका जागी उभे राहून सगळीकडे पाहत होते. काठ्या, टोपल्या, ओणव्या पाठी. मग त्यांनी मला हाक मारली.

"बिराजदार, कागद आहे?"

"लॉगबुक आहे, सर."

"लिहा. 'आज सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, पूर्ण ओहोटीच्या वेळी, अधोस्वाक्षरीकर्त्याने विषयांकित क्षेत्राची प्रत्यक्ष पाहणी केली.'"

मी लिहिलं. "सर, लाँच रुतली, हे घ्यायचं?"

"लाँच रुतलेली नाही. सुट्टीच्या दिवशी सरकारी लाँच रुतली तर चौकशी लागते. लाँच पाहणीसाठी क्षेत्रात नेण्यात आली आहे."

"आणि वहिनी?"

साहेबांनी वर पाहिलं. वहिनी येसूबायला कोथिंबीरवडी देत होत्या. "'क्षेत्रातील उत्पादनाची माहिती असलेल्या स्थानिक रहिवासी.' महिला किती आहेत? मोजा."

मी मोजल्या. "त्रेसष्ट."

"'त्रेसष्ट महिला काम करताना आढळल्या. सदर क्षेत्रात एक तृतीयांश भाग राखून ठेवण्याची पद्धत आहे.'" इथे साहेब थांबले. त्यांनी स्वतःच्या पायांकडे, म्हणजे पाय असायला हवे होते त्या ठिकाणी पाहिलं. "'त्या पद्धतीनुसार अधोस्वाक्षरीकर्ता स्वतः एक ओहोटी राखणीस उभा होता.'"

माझा हात थांबला. हे वाक्य एकदा कागदावर आलं की जगातला कोणताही अधिकारी ते परत घेऊ शकणार नव्हता. जी जागा स्वतः राखली, तिच्यावर सोमवारी गाळ टाकायची परवानगी त्याच सहीने कशी देणार? मी साहेबांकडे पाहिलं. त्यांना हे कळलं होतं की नाही, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. मी लिहिलं.

"सर, आधीच्या अहवालाचं काय?"

"तो चुकीचा आहे."

"हो."

"तुमचा आहे. तुम्हीच लिहा."

मी लिहिलं: "माझा पूर्वीचा अहवाल चुकीचा आहे. तिन्ही पाहण्या मी दुपारी केल्या व कोणालाही विचारले नाही." खाली सही केली, पदनाम लिहिलं. नोकरीत मी हजारो सह्या केल्या असतील. ही एकच सही मी कशी केली ते मला आठवतं. मग लॉगबुक खाली दिलं आणि साहेबांनी चिखलात उभं राहून सही केली.

पुढचं सगळं फायलीत आहे. सोमवारी ड्रेजर सुरू झाला नाही. तो तीन आठवड्यांनी सुरू झाला. गाळ तराफ्यांत भरून, खाडीबाहेर, पार दीपगृहापलीकडे, ओहोटी लागल्यावरच सोडायचा, असा नवा आदेश निघाला. तराफ्यांच्या वेळा त्यात घड्याळाने नव्हे तर भरतीच्या कोष्टकाने दिल्या होत्या. फीत कापायची तारीख पुढे गेली. कंत्राटदाराने तक्रार केली, मुख्यालयाने खुलासा मागवला. मला लेखी ताकीद मिळाली, ती मी जपून ठेवली आहे. तीत लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे. अडीच मीटरबद्दल मात्र साहेबांनी मला नंतर कधीच काही विचारलं नाही, निवृत्तीच्या दिवशीसुद्धा नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मी खोटं बोललो नव्हतो. अहवालात अडीच मीटरच होतं.

पण त्या दिवसाची नोंद सह्यांनंतरही एका ओळीने पुढे जाते. ती ओळ पाणी चढल्यावरची आहे.

सातच्या पुढे खाडी परत आली, गेली होती तशीच, न बोलता. समोर चंद्र वर आला होता. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन एकेक करत किनाऱ्याला लागल्या. साहेबांच्या गुडघ्याला पाणी लागलं तशी येसूबाय म्हणाली, "झाली राखण. चढा आता." लखमाने आणि मी त्यांना वर ओढलं. ती स्वतः गेली नाही. लाँचच्या कडेला हात टेकून, वाढत्या पाण्यात उभी राहिली.

"येसू, जा ना गं, भिजशील," वहिनी म्हणाल्या.

"बोट उठू दे."

पाणी तिच्या मांडीला लागलं. लाँच डोलली, चिखलाने सोडताना एक ओला उसासा टाकला आणि तरंगू लागली. लखमाने वल्ह्याने ती चार हात बाजूला लोटली. येसूबाय लाँच बसली होती त्या जागी गेली. पायाने चाचपलं, मग वाकली, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. पाण्यात तिचं तोंड बुडायचंच बाकी होतं. बराच वेळ ती तशीच होती. साहेब ओल्या पायांनी कठड्याशी उभे होते.

ती वर आली तेव्हा मुठीत चिखल होता. तिने तो पाण्यात धुतला आणि तळहात चंद्राकडे केला. पाच-सहा तिसऱ्या होत्या. तिने एकीला अंगठ्याने टोचलं. त्या तिसरीने तोंड घट्ट मिटून घेतलं.

"जित्त्या हायत!" येसूबाय ओरडली, आम्हाला नव्हे, किनाऱ्याला. मग हात खाली नेऊन तिने त्या होत्या तिथे परत ठेवल्या.

लखमाने इंजिन सुरू केलं. मी लॉगबुक मिटलं, तोच साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बिराजदार," ते म्हणाले, "तेही लिहा."